टेंडर माणूस

व्हिडिओ कॉल आला तरी भुजंगकाका फोन कानालाच लावायचे. त्यामुळे कोचीला राहणाऱ्या त्यांच्या नातीला, मीनूला, बरेच दिवस आजोबांचा फक्त कान माहीत होता. ती पलीकडून हसायची आणि काका मला विचारायचे, "सर, हसायलीय काऊन ती?"

मानवतला माझी इंग्रजीचा शिक्षक म्हणून बदली झाली, तेव्हा काकांच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. गेल्या वर्षी ते वारले. बांधकामाच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, ताठ, मोजकं बोलणारा माणूस. मी जिन्यात थांबून हवापाण्याचं काही बोललो की म्हणायचे, "जाऊ द्या सर. खामखा तोंड कशाला झिजवायचं?" बायको पोरीच्या लहानपणीच गेली होती. पोरगी सुनीता नर्स झाली, नोकरीसाठी केरळात गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. काका लग्नाला गेले नाहीत. मीनू झाल्यावर फोन सुरू झाले, पण बापलेकीत "जेवलीस का?" आणि "जेवले" याच्या पलीकडे काही जात नसे.

मीनूला मराठी येत नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी काका जिना चढून वर आले आणि म्हणाले, "मला बोलायचं इंग्रजी शिकवा. कचेरीचं येतंय मला, पण ते लेकराला चालत न्हाई." ते खरंच होतं. जेवायला बसलेल्या मीनूला ते "काइंडली ईट" म्हणायचे आणि फोन ठेवताना "थँकिंग यू". आम्ही रोज अर्धा तास बसू लागलो. त्या वेळेला ते धुतलेला सदरा घालून यायचे. पाठ झालेलं वाक्य रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणत बसायचे, ते मला वर ऐकू यायचं. त्या घरात एरवी दुसरा आवाज नसे.

एकदा मीनूच्या शाळेत भाषणाची स्पर्धा होती. तिनं ते भाषण आजोबांना फोनवर म्हणून दाखवलं. दुसऱ्याच वाक्याला काकांनी फोन बंद केला आणि तडक वर आले. चेहरा उतरला होता.

"सर, माझा आजा टेंडर माणूस हाय म्हणती ती! सुनीतानं काय भरवलं असंल लेकराच्या डोक्यात? तेहतीस वर्षं टेंडरच्या फायली हाताखालून गेल्या माझ्या, पण कुण्या गुत्तेदाराचा चहासुदीक घेतला न्हाई मी. लग्नाला न्हाई गेलो म्हणून हे?"

मी त्यांना बसवलं. म्हटलं, "काका, तो शब्द वेगळा. कोवळी काकडी असते ना, ती टेंडर. जखमेच्या कडेला बोट लागलं की दुखतं, ती जागाही टेंडर."

"आन माणूस?"

"हळव्या हाताचा. मायेचा."

 काका म्हणाले, "तर मग चुकलं तिचं. मी तसा न्हाई. सांगा तिला, शब्द बदल म्हणावं."

मी त्यांच्याच फोनवरून सुनीताला कॉल लावला आणि स्पीकर चालू केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"शब्द मीच दिला तिला, सर," ती म्हणाली. "आई गेल्यावर बाबा कचेरीला जायच्या आधी माझी वेणी घालायचे. एकदाही सरळ आली नाही. पण गुंता सोडवताना केस मुळाशी मुठीत धरायचे, मला ओढ बसू नये म्हणून. मी मीनूचे तसेच विंचरते. तिनं विचारलं, हे कुणी शिकवलं? मग सांगितलं मी."

काका उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला. म्हणाले, "सुट्टीत ये की. लेकराला घेऊन."

उन्हाळ्यात दोघी आल्या. काकांनी आधीच घराला चुना दिला होता, बाजारातून डझनभर आंबे आणले होते. मीनू दिवसभर त्यांच्यामागे हिंडायची. तिचं इंग्रजी भरभर, यांचं अडखळत, पण दोघांचं जमायचं. बाप आणि लेक मात्र जपूनच बोलायचे. निघायच्या सकाळी मी सामान उचलायला खाली गेलो, तेव्हा काका दाराशी उभे होते.

"सुनी, तुझ्या लग्नाला यायला पायजे होतं मी."

सुनीता बॅगेची चेन लावत होती. तिनं मान वर केली. "हो बाबा. यायला पाहिजे होतं."

"असू द्या" असं ती म्हणाली नाही. पण जवळ आली आणि बापाच्या सदऱ्याचं वर-खाली लागलेलं बटण काढून नीट लावून दिलं. काका लहान पोरासारखे हनुवटी वर करून उभे राहिले.

एसटी स्टँडवर परभणीची गाडी लागली. मीनू खिडकीतून ओरडत होती, काका गाडीबरोबर चार पावलं चालले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसे येऊन बाकावर बसले.

"चला काका, ऊन वाढतंय."

"तुमी व्हा पुढं." ते रस्त्याकडेच बघत होते. "एकटं ऱ्हायची लय सवय झाली होती, सर. बरं चाललं होतं. ह्या दोघींनी येऊन मोडली."

मी शेजारी बसलो. पाथरीची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. काका उठले नाहीत.