घाटीतलं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या आमच्या गावातून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, जायला एकच वाट होती. जांभ्या दगडात खोदलेली ती बैलगाडीची घाटी इतकी उभी की गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा लावत. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला घसरत खाली गेलेला उतार, आणि सावलीला एक झाड नाही. समुद्रावरचा वारा आडवा यायचा तो सायकलीला कडेकडे ढकलायचा.

ही घाटी माझा चुलतभाऊ सायकलवरून न उतरता चढायचा. मला ते जमत नव्हतं. एवढंच माझं दुखणं होतं, आणि त्यापायी मी जे केलं ते आज चाळिशी ओलांडल्यावर लिहितो आहे.

पन्नास साल ओलांडून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही दोघं विशी पार केलेले. त्याचे वडील मुंबईला नोकरीला, म्हणून तो आमच्याकडेच वाढला. माझ्या वडिलांचं घाटीच्या पायथ्याशी किराणा दुकान होतं आणि सड्यावरच्या वाडीत सामान पोचवायला एक सायकल. सुरुवातीला आम्ही पाळीपाळीने जायचो. मी दुसऱ्या वळणावर हमखास उतरायचो आणि सायकल ढकलत वर न्यायचो. तो मात्र बुड सीटवरून उचलून, हँडल छातीशी ओढत, साप चालावा तसा वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वळणं घेत जायचा. खाली दुकानात गिऱ्हाइकं माना वर करून बघत राहायची.

एके दिवशी वडील सगळ्यांदेखत मला म्हणाले, "सामान आता तोच नेयत. तू वर पोचासर गूळ पातळ जाता."

दुकान हसलं. तोही हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वडिलांच्या डोळ्यांतलं कौतुक माझ्या वाटणीचं होतं आणि ते त्याने नेलं होतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या वळणावर राखणदाराची जागा होती. एक शेंदूर लावलेला दगड आणि शेजारी वाटसरूंनी ठेवलेल्या लहान दगडांची रास. तिथे प्रत्येकजण थांबे, दगड ठेवी, हात जोडी. डोक्यावर भारा असलेली बाईसुद्धा थांबे. माझा भाऊ थांबत नसे. त्या चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. तो नुसती मान लववून पुढे जायचा.

"उतराक व्हया रे थंय," म्हातारी माणसं म्हणायची. "देवाक असो चालता चालता नमस्कार करतत?"

"उतारलंय तर मगे देवच ढकलतलो काय माका?" तो हसून म्हणायचा.

एका दुपारी तो निघायच्या आधी, तो जेवत असताना, मी पाना घेऊन मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल केले. चढावर जोर पडला की चाक सरकेल, साखळी उतरेल आणि त्याला एकदा तरी माझ्यासारखं ढकलत जावं लागेल, इतकाच माझा विचार होता. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. वाटेची एक कड उघडी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं मात्र मी म्हणू शकत नाही.

जोर सर्वांत जास्त लागायचा तो दुसऱ्या वळणावर. तिथेच साखळी उतरली. पाय हवेत गेला, सायकल कडेला कलंडली आणि तो जांभ्याच्या धारेवर गुडघ्यावर आपटून दोन पुरुष खाली घरंगळला. लोकांनी त्याला डोलीत घालून आणलं. मी सायकल आणायला गेलो आणि दुकानात नेण्याआधी नट घट्ट आवळले.

कुणी सायकलीकडे बघितलंच नाही. राखणदारासमोरच पडला, मग आणखी काय बघायचं? महिन्याभराने वडिलांनी नारळ घेऊन सगळ्यांना घाटीत नेलं आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, लेकरान माज केल्यान, तेची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

सगळे एका आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. माझ्या शेजारी काठीवर रेलून तो उभा होता. त्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. सायकल माझ्याकडे आली. मी ती पायथ्यापासूनच ढकलत नेऊ लागलो. तो कामापुरता घाटी चढायचा तो पायी, लंगडत. वळणावर दगड ठेवायचा, डोळे मिटून काही पुटपुटायचा आणि मोकळ्या चेहऱ्याने पुढे जायचा. लाज वाटते सांगायला, पण मला त्या मोकळ्या चेहऱ्याचाही हेवा वाटायचा. पडूनसुद्धा त्याचं मन माझ्यापेक्षा हलकं होतं.

वडील गेल्यानंतर, साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात, आम्ही त्याच्या वेगळ्या घरापुढच्या अंगणात, खळ्यात बसलो होतो. जुन्या गोष्टी निघाल्या.

"मेल्या, तू किती जळायचंस रे माझ्यार!" तो हसत म्हणाला. "माका काय कळत नव्हता?"

तो हसत होता म्हणून की काय, माझ्याने राहवलं नाही. नट मीच सैल केले होते, असं मी सांगून टाकलं.

त्याने आपला न वाकणारा गुडघा हाताने चाचपला.

"काकांका म्हायत होता?"

"नाय."

"मगे इतकी वर्सां मी त्या देवाची माफी कशाक मागत रवलंय?"

त्याने खांबाला धरून स्वतःला उभं केलं. मी हात पुढे केला तो त्याने घेतला नाही. आत जाताना जेवायला थांब, असंही तो म्हणाला नाही.