उलटा पाट : तीन स्टार

दुपारची जेवणं उरकल्यावर मी कटिंगच्या टेबलावर पाटणकरवहिनींचं संक्रांतीचं काळं ब्लाउजपीस पसरते, हातात खडू घेते आणि आखायचं सोडून त्याच कापडावर कपाळ टेकते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं स्वतःला बजावते. मशीनच्या तेलाचा वास येतोय. शेजारी फोन टुंग टुंग करतोय. 'अर्धवट टॉकीज' आज गप्प बसायला तयार नाही.

'अर्धवट टॉकीज' हा आमचा ग्रुप. आम्ही तिथे नसलेल्या सिनेमांची परीक्षणं लिहितो. हसू नका. एकानं सिनेमाचं नाव आणि एखाद-दुसरी ओळ टाकायची, बस्स. दुसऱ्यानं तो सिनेमा आत्ताच बघून आल्यासारखं परीक्षण लिहायचं आणि स्टार द्यायचे. ज्यानं सिनेमा काढला त्याला काही विचारायचं नाही, आणि हे सगळं खोटं आहे असं चुकूनही म्हणायचं नाही. परीक्षण आलं की सिनेमा लागला. रविवारच्या दिवेलागणीपर्यंत आलं नाही तर डब्यात गेला, आणि डब्यात गेलेलं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही. कऱ्हाडात ब्लाउज शिवणारी मी, शालन पिसाळ, या ग्रुपवरची सगळ्यात खडूस परीक्षक आहे. मला त्याचा अभिमान आहे.

आज रविवार आहे आणि व्यंकटराव लोमट्यांचा 'उलटा पाट' डब्यात जायला निघालाय.

लोमटे म्हणजे परभणीकडचे रिटायर्ड कालवा निरीक्षक. आमची कधी गाठ पडली नाही. त्यांच्या नावापुढे फोटो म्हणून एक टेबलफॅन असायचा. का, ते देव जाणे. त्यांचे सिनेमे बघायचे ते मीच, आणि सोलून काढायचे तेही मीच. परवाच्या सोमवारी त्यांनी टाकलं, "उलटा पाट. एका सकाळी कालव्याचं पाणी उलटं वाहायला लागतं. पाटकरी त्याच्या सोबतीनं चालत निघतो." गुरुवारी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. बाबा गेले, झोपेतच गेले. सोबत फोटो. तो मी अजून उघडलेला नाही. त्याच्यावर डाउनलोडचा गोल बाण आहे आणि मागे धुरकट चेहरा. बाण दाबला की माणूस खरंच गेला असं होईल, म्हणून नाही दाबला.

ग्रुपवर नुसता फुलांचा खच पडलाय. आमच्या अॅडमिन, नाशिकच्या खैरनारबाई, त्यांनी काल लिहिलं, 'उलटा पाट'ला परीक्षण नको, आदर म्हणून तो तसाच राहू दे. झालं, सगळ्यांनी हात जोडले. आदर म्हणे! माणसाचा शेवटचा सिनेमा डब्यात घालायचा आणि वर त्याला आदर म्हणायचं! भांडले असते मी, पण भांडायला हातात परीक्षण हवं ना. लिहायला बसले की पहिला शब्द येतो 'अप्रतिम'. लोमट्यांना मी जिवंतपणी कधी अडीच स्टारच्या वर जाऊ दिलं नाही, आणि आता मेल्यावर अप्रतिम? स्वतःचाच राग येतो. पुसते, पुन्हा लिहिते, पुन्हा अप्रतिम. जीव नुसता कासावीस झालाय.

खडू बोटांत मऊ मऊ लागायला लागतो.

"काय करायलात, कात्रीबाई?"

कात्रीबाई म्हणणारा जगात एकच माणूस आहे. मी मान वर करते. दुकानाच्या दारात लोमटे उभे आहेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाचे, चपला हातात. चेहऱ्याच्या जागी सगळं धुरकट, आणि मधोमध तो गोल बाण.

"अहो, हे काय तोंड घेऊन आलात?" मी म्हणते.

"तुम्हीच फोटो उघडला नाही. माझा काय दोष त्याच्यात?"

"पाय पुसा आधी. कापडं आहेत इथं लोकांची."

"पुसून काय करता? आत पण पाणीच हाय."

खाली बघते तर खरंच, फरशीवर घोटाभर पाणी. रिळांच्या फळीमागून कुणीतरी ओरडतं, "बाल्कनी का स्टॉल?" लोमटे म्हणतात, "स्टॉल. बाईला बाल्कनीतून चुका नीट दिसत नाहीत." माझं टेबल पुढच्या खुर्चीची पाठ झालंय. अंधार झालाय. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसते, कारण रांगांच्या मधून पाणी वाहतंय, आणि वाहतंय ते पडद्याकडे, चढावर.

पडद्यावर पाटकरी, पाण्याच्या पाळ्या सोडणारा माणूस, पाठमोरा चालतोय. डोक्याला टॉवेल, खांद्यावर फावडं. कालव्याच्या भरावावरून तो चालतोय, खालचं पाणीही त्याच्या बरोबरीनं चाललंय, आणि हे असंच चाललंय, चाललंय.

"अहो, काही घडणार आहे का?" मी कुजबुजते.

"शांत बघा ना."

"बघतेच आहे. चप्पल झिजली त्याची. तुमचे सिनेमे कायम असेच. कल्पना झकास, आणि मग मध्यंतरानंतर बसकण."

तेवढ्यात मध्यंतराची घंटा होते. घंटा कसली, माझ्या कुकरची शिट्टी. मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी आहे, गॅस बंद करतेय. ओट्याखालून कालवा चाललाय, आणि लोमटे भरावावर बसावं तसे माझ्या गव्हाच्या डब्यावर बसलेत.

"चहा टाका थोडा," ते म्हणतात.

मी आधण ठेवते. मग धीर करून, काही विचारायचं नाही हा नियम मोडते. मेलेल्या माणसापुढे कसला नियम? "लोमटे, पुढे काय होतं सांगा ना. दिवेलागणीच्या आत लिहायचंय मला. नाहीतर तुमचा सिनेमा डब्यात घालतायत ते, कळतंय का तुम्हाला?"

"मला काय माहीत पुढं काय होतं?"

"म्हणजे? सिनेमा तुमचा आहे!"

"मी एक ओळ टाकतो, बाई. उरलेलं सगळं तुम्ही बघता." बाण त्यांच्या तोंडावर गरगर फिरतोय, आणि त्याच्यामागून हसू फुटतंय. "ते सगळे उत्तरार्ध तुमचेच होते की! तुम्हीच बघायचात, तुम्हीच शिव्या घालायचात. आणि मी इकडं पोट धरून हसायचो. बायको विचारायची, कामून हसायलात एकटेच?"

अगं बाई! माझ्या हातातला चिमटा रिकाम्या ओट्यावर आपटतो. तो हिरो रडत घरी जायचा, तो पाऊस उगाचच पडायचा, ते भाऊ शेवटच्या रिळाला कंटाळवाणे समेट करायचे, ते सगळं माझंच? आणि मी दर वेळी लिहिलं, दिग्दर्शकाला शेवट जमत नाही!

"सांगायचं नाही का मेलं एकदा तरी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता का एवढ्या जोरात? मजा गेली असती सगळी."

मला हसू येतं आणि रडूही येतं. रडू जास्त येतं. गुरुवारपासून साठलेलं सगळं बाहेर पडतं. चहा उतू जातो, कालव्यात पडतो आणि उलटा वाहत जातो. मी पदरानं नाक पुसते, आणि माझ्यातली परीक्षक जागी होते.

"एक विचारू? पाणी उलटं वाहतंय, मान्य. पण मग निघालं कुठून? धरणातून तर नाही निघालं."

लोमटे डब्यावरून उठतात. "शेवटून निघालं."

"शेवटून म्हणजे?"

"टेलच्या गावातून. कालवा जिथं संपतो तिथलं." त्यांचा आवाज बदलतो. "तिथं पाणी कधी पोचलंच नाही. कागदावर पाण्याची पाळी लागायची, पण वरचे लोक कालव्याची दारं फोडून पाणी घ्यायचे. मी जीप घेऊन गेलो की बाया रिकाम्या घागरी घेऊन आडव्या यायच्या. काय बोलणार त्यांना? खाली मान घालून शिव्या ऐकायचो. नोकरी संपली, पण त्या बाया काही डोळ्यांपुढून हलल्या नाहीत."

म्हणजे इतकी वर्षं या माणसाचं हे दुखत होतं, आणि त्यानं ते दोन ओळींत टाकलं, माझ्या भरवशावर.

"मग आपण चुकीच्या टोकाला बसलोय," मी म्हणते. "उठा. सिनेमा तिथं चालू आहे."

"पाय भरतील तुमचे."

"भरू देत. चला."

मी त्यांचा हात धरते. गार आहे. ओट्याखाली वाकून आम्ही पलीकडे निघतो ते थेट उन्हात. कोरडा कालवा. तळाला भेगा, मधोमध बाभळीचं झाड वाढलेलं, त्याला शेळी बांधलेली. भरावावर एक म्हातारी विळा घेऊन बसली आहे. लोमट्यांना बघून तिच्या कपाळाला आठी पडते.

"आला का परत? आता काय सांगतूस?"

लोमटे खाली मान घालतात. मी त्यांच्या कमरेत कोपर खुपसते. "मान वर करा. उत्तरार्ध माझा आहे."

शेळी आधी ओरडते. मग बाभळीच्या बुंध्याशी माती काळी पडते. मग भेगेतून पाणी वर येतं, गुळगुळ करत, लाजत लाजत. म्हातारी उठते, चिखलात पाय घालते आणि गावाकडे तोंड करून जी हाक मारते, ती माझ्या कानात अजून आहे.

"आली गं! आपली पाळी आली!"

सगळं गाव धावतं. हलगी कडाडते. बाया घागरी भरत नाहीत, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवतात. पाणी शेतातल्या चाऱ्यांत शिरतं, ज्वारीत शिरतं, पोटभर पितं गाव, आणि मग पाणी निघतं पुढे, म्हणजे मागे, म्हणजे वर. पाटकरी फावडं घेऊन निघतो, त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे हलगी. वरच्या गावांचे लोक भरावावर गुपचूप रांग लावून उभे आहेत. आज त्यांचा नंबर शेवटचा. म्हातारी लोमट्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणते, "सायेब, आणलंस बाबा!" लोमट्यांच्या तोंडावरचा बाण फिरता फिरता थांबतो. धूर निवळतो. पुढच्या दातांत फट असलेला, घामानं निथळलेला एक माणूस माझ्याकडे बघून हसतोय.

पाणी धरणाच्या भिंतीवर चढतं, आणि अख्खं टॉकीज उठून उभं राहतं! पडद्यापुढे अख्खा ग्रुप नाचतोय. ग्रुपवर ज्याचा जो फोटो, तेच त्याचं तोंड. कुणाचं गुलाबाचं, कुणाचं मांजराचं, खैरनारबाईंचं कमळाचं, आणि ते कमळ दोन बोटं घालून शिट्ट्या मारतंय.

"बोला," लोमटे माझ्या कानाशी ओरडतात, "किती?"

पाच म्हणावंसं वाटतं. जीव ओवाळून टाकावासा वाटतो. पण हा माणूस माझ्या कात्रीसाठी आलाय, आरतीसाठी नाही.

"तीन."

"तीन?"

"एक कापला, कारण जमिनीतून पाणी आलं कसं ते तुम्ही सांगितलं नाहीत. दुसरा पहिल्या भागातल्या त्या पायपिटीचा."

"तीन!" लोमटे दोन्ही हात वर करून ओरडतात. "कात्रीबाईनं तीन दिले! ऐकलं का रे? तीन!" लहान मुलासारखे उड्या मारतात. मग एकदम धूर्त चेहरा करतात. "अर्धा वाढवा ना. मेलोय मी."

"म्हणून तर नाही वाढवणार."

"अर्ध्यानं काय होतंय?"

"एकदा नाही म्हटलं ना, लोमटे!"

ते खो खो हसतात आणि माझ्या हातातला खडू हिसकावतात. फोन वाजतो. टुंग.

गाल काळ्या कापडावर. ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत उतरलंय, पण आहे अजून. मी डोकं उचलते. पाटणकरवहिनींच्या ब्लाउजपीसवर, जिथे पाठ आखायची होती तिथे, खडूनं काढलेले तीन स्टार. पाची टोकं नेमकी, रेघा सरळ. माझाच हात आहे, ओळखते मी.

आधी फोटोवरचा बाण दाबते. फोटोतल्या लोमट्यांचा चेहरा गोल आहे, चष्मा आहे, ओठ घट्ट मिटलेले. स्वप्नातल्यासारखे जराही दिसत नाहीत. असू दे. मग लिहायला घेते, आणि अप्रतिम हा शब्द कुठेच येत नाही. टेलचं गाव, म्हातारी, शेळी, हलगी, सगळं सरसर उतरतं. कापलेले दोन स्टार कारणांसकट उतरतात. शेवटी लिहिते, 'या दिग्दर्शकाला शेवट जमला. आज लागला आहे. चुकवू नका.' आणि समोरच्या देवळात दिवा लागतोय तोवर पाठवून देते.

खैरनारबाई काहीतरी लिहितायत असं दिसतं, मग थांबतात, मग पुन्हा लिहितात.

"शालनताई, आमच्या नाशकात पहिला खेळ हाऊसफुल्ल गेला. मी उभ्यानं बघितला."

आणि मग बांधच फुटतो. कोल्हापुरात तिकिटं मिळेनात. नागपुरात लोक दुसऱ्यांदा बघतायत. कुणी म्हणतं हलगीच्या वेळी टॉकीज उठून नाचलं, कुणी म्हणतं पिसाळबाईंनी स्टार कमी दिले, निषेध! एकसुद्धा फूल नाही, एकसुद्धा जोडलेला हात नाही. मी एकटीच दुकानात उभी राहून टाळ्या वाजवते. समोरचा किराणावाला बघत राहतो. बघू दे.

अंधार पडायच्या आत आवरावं म्हणून कापडावरची कात्री उचलते, तर तिच्याखाली, तीन स्टारांच्या शेजारी, आणखी काहीतरी आहे. अर्धा स्टार. वाकडातिकडा, घाईघाईनं काढलेला, दोनच टोकांचा. चाळीस वर्षं कापडावर रेघ मारतेय मी, इतकी वाकडी रेघ माझ्या हातून झोपेतसुद्धा येणार नाही.

पाटणकरवहिनींना मी दुसरं कापड आणून देईन. हे मी घडी घालून माझ्या पेटीत ठेवते. अर्धा पुसला नाही, पण मोजलाही नाही. तीन म्हणजे तीन, लोमटे.