देशमुखांच्या घरचा गुडघा

मळक्या चादरी धोबी घेऊन जायचा. गोष्टी मात्र कुणी नेत नसे, त्या माझ्यापाशीच साचत गेल्या. निजामाच्या राज्यात मी नांदेडला एका जनाना दवाखान्यात आया होते. मला अक्षर येत न्हाई, पण कुठल्या चादरीखाली काय झालं ते सगळं ध्यानात हाय. त्यातल्या एकाच गुडघ्याचं ऐका.

लातूरकडच्या देशमुखांची सून कौसल्या बैलांच्या दमणीतून पडली आणि गुडघा मोडला. प्लास्टर निघालं, तर पाय लाकडावाणी ताठ. रोज मालिश करून तो हळूहळू वाकता करायचा होता. सासूनं, म्हणजे थोरल्या बाईंनी, पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की पाय वाकला तर ठीक, न्हाई तर पोराला दुसरी करून आणू.

आमच्या डाक्टरसाबांचा कायदा साधा होता. सगळं अंग चादरीनं झाका, दुखतं तेवढंच उघडं ठेवा. थोरल्या बाईंचा त्याहून साधा. सगळं झाका!

"आमच्या घरच्या बायांचा गुडघा परपुरुषाला दिसत न्हाई," बाई म्हणाल्या.

"तो इलाज किसका करूं?" डाक्टरसाबांनी विचारलं.

"पायाचा."

*

मग तोड निघाली. मधे पडदा बांधायचा आणि पडद्याच्या फटीतून पाय तेवढा बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी पाय बाहेर आला. डाक्टरसाबांनी जपून धरला, जरासा वाकवला, तर तो सरळ मांडीला जाऊन टेकला. साब लई खूष! एका रात्रीत एवढा गुण म्हणून त्यांनी मला पडद्याआड बघायला पाठवलं.

बघते तर टेबलावर देशमुखांची मोलकरीण गंगू निजलेली. आणि कौसल्या कोपऱ्यातल्या बाकावर, पाय ताठ पसरून.

थोरल्या बाईंना काडीची शरम न्हाई. "गंगूचा पाय बघून औषध सांगा की," म्हणाल्या. "लावायचं तिथं आम्ही लावू."

*

शेवटी असं ठरलं की साबांनी पडद्याकडं पाठ करून सांगायचं आणि हात माझे चालवायचे. घोट्याखाली उशी, बाजूला चादर नीट खोचलेली. सगळं जमलं, तेवढ्यात थोरल्या बाईंना दिसलं की सुनेचे पाय दक्षिणेकडं झालेत! त्यांनी तिला उलटी फिरवली. आता दुखरा पाय भिंतीला लागला, माझा हातच पोचेना. मग चौघींनी मिळून टेबल फिरवलं.

कौसल्येनंतर एका बेगमसाहेबांची कंबर शेकायची होती. त्यांच्या घरच्यांनी बघितलं, तर पाय पश्चिमेला, मक्केकडं. पुन्हा टेबल फिरलं. रोज हेच चाललं, तेव्हा साबांनी ते खोलीच्या मधोमध तिरकं लावून टाकलं. जाता-येता सगळ्यांच्या मांडीला त्याचा कोपरा लागायचा.

साब म्हणाले, "अब किसी दिशा को तकलीफ नहीं. सिर्फ मरीज को है."

*

कौसल्येचा नवरा बापूसाहेब रोज बाहेर बसून असायचा. मी बाहेर आले की एकच विचारायचा, आज काय काय उघडं पडलं? दुखलं का, वाकला का, ते कधी न्हाई.

एकदा कौसल्येनं आतूनच आवाज दिला. "त्यांना सांगा मावशी, दुखतंय ते झाकलेलंच हाय."

त्यानंतर तो फाटकाबाहेर दमणीत बसायला लागला.

*

पाय सुधारत होता. मालिश झाली की कौसल्या पडद्याआड चालून, बसून-उठून बघायची. पण थोरल्या बाईंनी मालिशच्या वेळी तोंड फिरवून बसायचा नेम धरलेला, त्यामुळं त्यांना ते ठाऊकच न्हाई. त्यांनी आपला शब्द खरा करायला घेतला. नांदेडात ज्या पाहुण्यांकडं उतरले होते, तिथंच देगलूरची एक सोयरीक बोलावली. मुलीचा बाप, चुलते, चार माणसं बैठकीत बसली, बापूसाहेबही. त्या दिवशी मालिशला मला तिथंच बोलावलेलं, मी आतल्या खोलीत कौसल्येच्या पायाला तेल लावून राहिले होते. मधे नुसता एक पडदा.

बाहेर थोरल्या बाई दाराआडून सांगत होत्या की पहिली सून पार अधू झाली, जागची हालत न्हाई, तिचं सगळं आम्हीच करतो. तुमची लेक घरात राणीवाणी राहील.

कौसल्येनं माझा हात बाजूला केला. अंगावरची चादर काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. मग उठली, पानाचं तबक उचललं आणि पडदा सारून बाहेर गेली.

बैठक चांगली लांब होती. ती सगळ्या पुरुषांपुढून चालत गेली, मुलीच्या बापासमोर दोन्ही गुडघे मोडून बसली, तबक ठेवलं, आणि कशाला हात न टेकता उठून उभी राहिली. बापूसाहेबाची मान खाली.

मुलीच्या बापानं पानाला हात लावला न्हाई. दाराकडं बघून विचारलं, "बाई, ती अधू सून कोणती म्हणालात?"



"मीच," कौसल्या म्हणाली. "पुन्हा एकदा चालून दाखवू का?"