दारातला एक्झिट पोल

हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही मला चहाला बोलवाल, पण मतदानाच्या आसपास फिरकू देणार नाही. तरी सांगतो.

बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होती. अध्यक्षपदासाठी एकीकडे माझी बायको मीनल, दुसरीकडे रणदिवे. रणदिव्यांना शनिवारी हॉल बॅडमिंटनला द्यायचा होता. आणि शनिवारी तिथेच मीनल मुलांचा मराठीचा वर्ग घेते, गेली कित्येक वर्षं. ती हरली की वर्ग बंद. आठवडाभर धड जेवली नव्हती हो ती.

"तू काळजी करू नकोस, मी नजर ठेवतो," म्हटलं आणि हॉलच्या दारात ठाण मांडलं. चिठ्ठी टाकून जो बाहेर येईल त्याला गाठायचं. "काय, कुणाला दिलंत?"

"हे काय विचारणं झालं? वहिनींनाच."

"मीनलताईंशिवाय आहे कोण?"

आमचा मित्र निखिल दर शुक्रवारी आमच्याकडे जेवतो. तो तर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लँडस्लाइड आहे रे."

आता मला सांगा, उमेदवाराच्या नवऱ्याने तोंडावर विचारल्यावर मराठी माणूस दुसरं काय सांगणार? पण ही अक्कल तेव्हा कुठे गहाण पडली होती कोण जाणे. मी आत मीनलला मेसेज टाकला, 'पेढे सांगून ठेव.'

निवडणूक अधिकारी देशमुखकाका, रिटायर्ड जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. त्यांनी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजल्या आणि सांगितलं, "रणदिवे. एका मताने."

मीनलचा चेहरा पडला आणि माझं डोकं फिरलं. "घोटाळा आहे हा. मी दारात एकेकाला विचारलंय. चिठ्ठ्या सोडा, माणसं मोजा. मीनलची खिडकीकडे, रणदिव्यांची किचनकडे."

काका लालेलाल झाले. "माझ्यावर संशय घेतोस? ठीक आहे. उठा सगळे."

"राहू दे रे," मीनल पुटपुटली. पण मी ऐकतोय कसला.

खुर्च्या सरकल्या. दारात 'वहिनी, वहिनी' करणारी अर्धी मंडळी बुटांकडे बघत किचनकडे निघाली. सगळ्यांत शेवटी निखिल उठला. "सॉरी यार, बॅडमिंटन," म्हणाला आणि तोही तिकडेच. मी मध्ये उभा राहून एकेक डोकं मोजलं. खिडकीकडे एक कमी. पुन्हा मोजलं, तरी एक कमीच.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

तेवढ्यात आमची लेक ईशा, इथेच जन्मलेली, आईच्या वर्गात शिकलेल्या मराठीत खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, पण तू कुठल्या साइडला उभी आहेस?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी बरोबर मधोमध.

"तू चिठ्ठी कधी टाकलीस?" काकांनी सावकाश विचारलं.

"मी... दारात होतो ना."

"पूर्ण वेळ?"

"नजर ठेवून होतो." मी पाऊल उचललं. "आता जातो की खिडकीकडे. बरोबरी तरी होईल."

"निकाल चिठ्ठ्यांचा असतो. तू आता घरी जा."

गाडीत मीनल म्हणाली, "घोटाळा झालाच होता. तोच आत्ता गाडी चालवतोय."

वर्ग काही बंद पडला नाही म्हणा. आता दर शनिवारी आमच्या सिटिंग रूममध्ये भरतो. दारात उभं राहून मुलांना आत घ्यायचं काम माझ्याकडे आहे. बायकोची अट एकच, येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीही विचारायचं नाही.