जास्तीचे पाटे

गाडीच्या खालच्या अंगाला काय काय चिकटलेलं असतं, ते माणसानं बघू नये. मी बघितलं. उताणा पडून, वर तोंड उघडं ठेवून.

माझी जुनी पिकअप एका बाजूला कलली होती. मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या लोखंडी कमानी, बसून बसून सपाट झाले होते. त्याला कारण मीच. चुलतभावाच्या मोसंबीला कोंबडखत मीच वाहतो, आणि ‘अजून दोन पोती बसतात की’ म्हटल्याशिवाय माझी खेप निघत नाही. एरवी मी गाडी तशीच तिरकी हाकली असती. पण बायकोचा अंड्यांचा धंदा होता. स्कूटीवरून घरोघर ट्रे पोचवून ती विटली होती, आणि क्रांती चौकाजवळच्या एका मोठ्या खानावळीनं तिच्याकडून रोज अंडी घ्यायचं कबूल केलं होतं. पहिली खेप नीट पोचली तर.

“अहो, एवढं एक नीट करा,” ती म्हणाली.

हर्सूलच्या रस्त्याला पाट्यांचं काम करणारा एक मिस्त्री आहे. तो वाकला, लगेच सरळ झाला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, “भाई, पैले इसको नहला के लाव.” मला अपमान वाटला. माझी गाडी, त्यात काय एवढं, म्हणत मीच ऐटीत खाली शिरलो. तिथं ग्रीस, चिखल आणि कोंबडखत मिळून एक काळा ओलसर थर जमला होता, पिसांसकट. बसलेला पाटा दाखवायला मी बोट लावलं, तसं एक ढेकूळ सुटलं आणि नेमकं माझ्या तोंडात पडलं. चव सांगत नाही. पुढं कितीतरी वेळ मला चहासुद्धा पिसांचा लागत होता.

गाडी धुऊन आणली. आता आमच्याकडं कंपनीनं दिले तेवढेच पाटे कुणी बसवत नाही. एक जास्तीचा टाकतातच. न टाकणाऱ्याच्या गाडीकडं लोक कीव केल्यासारखं बघतात. मिस्त्रीनं सवयीनं विचारलं, एक डालू ना? मघाचा रुमाल माझ्या डोक्यात होताच. म्हणालो, “दो डालो.” त्यानं टाकले. गाडीचं बूड असं वर आलं की ती भांडायला उठलेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. मला ते लई रुबाबदार वाटलं.

संध्याकाळी मागं अंड्यांचा एक ट्रे ठेवून हर्सूलच्या तलावापर्यंत चक्कर मारली. पाटे इतके ताठ झाले होते की रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला टुणकन उडायची. घरी आलो तेव्हा फाळक्यावरून पिवळं ओघळून थेंब थेंब गळत होतं. तापलेल्या पत्र्यावर कडेकडेनं शिजलंही होतं. गल्लीतलं कुत्रं आलं, हुंगून निघून गेलं.

बायको बघत उभी होती. मी तिला समजावलं की असली गाडी रिकामी उडते, वजन टाकलं की गप बसते. सकाळी खेप होती, आणि मिस्त्रीकडं जाऊन आता एक काढ म्हणायची मला लाज वाटत होती. वजन अंगणातच पडलेलं होतं: भावाकडं जायची राहिलेली कोंबडखताची पोती. बायको उठायच्या आत मी ती गाडीत भरली. वर ताडपत्री, त्यावर सतरंजी, सतरंजीवर ट्रे. गादीवर निजवल्यासारखी अंडी.

रस्त्यात ती म्हणाली, वास येतोय. मी म्हणालो, गाडीचा जुनाच आहे. औरंगपुऱ्याच्या गर्दीत अडकलो, ऊन चढलं, आणि पोत्यांना घाम फुटला. बाजूचा रिक्षावाला आमच्याकडं बघून थुंकला.

खानावळीत एकही अंडं फुटलेलं निघालं नाही. मी छाती काढून उभा. मालकांनी वरच्या ट्रेतलं एक उचललं, नाकाशी नेलं आणि हात लांब धरला.

“ताई, फुटलं नाय हे खरंय,” ते म्हणाले. “पण हे खायचं कुणी?”

आचाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उचललं आणि तसंच सोडलं. मी काहीतरी वजनाचं सांगायला गेलो. बायकोनं माझ्याकडं बघितलंही नाही. दुपारच्या आत दुसरी आणते काका, एवढं बोलून ती चालत निघाली. तिनं लोडिंगची एक रिक्षा गाठली, आपल्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडून दुसरी अंडी उचलली आणि वेळेत पोचवली. खानावळ टिकली. त्या रिक्षालाच तिनं रोजचं काम लावून दिलं. माझी पिकअप आता कोंबडखतच वाहते, आणि त्या कामाला दोन जास्तीचे पाटे अगदी फर्मास आहेत.

परत आलेली अंडी तिनं विकली नाहीत, फेकलीही नाहीत. घरातच खायची ठरलं. लेकरांनी ट्रेकडं बघून ओकारी काढली, म्हणून त्यांना माफ. ती स्वतः खात नाही.

आज सकाळीही दोन उकडून माझ्यापुढं आली. सोलायला घेतलं की कवचातून तो वास वर येतो, कोमट, ओळखीचा, थेट मिस्त्रीच्या दुकानातला. मी श्वास धरून एक तोंडात कोंबलं.

“मीठ देऊ का?” तिनं विचारलं.