सतरा ठिपके आणि एक मोटार

पोलीस खात्यातून पेन्शन घेऊन मला तीन वर्षे झाली. खून, दरोडे, देवळातले दागिने असे पुष्कळ गुन्हे हाताखालून गेले, पण आठवण निघाली की मनात आधी येते ती राजवाड्यामागच्या एका गल्लीतली मोटार. गुन्हा किरकोळ होता. त्यातली माणसे अजून त्याच गल्लीत राहतात, म्हणून कुणाचे नाव देत नाही.

तेव्हा मी तंजावुरातल्या एका ठाण्यावर सबइन्स्पेक्टर होतो. ठाण्याच्या हद्दीत खासगी मोटारी चारच, आणि चौथी नुकतीच आलेली. ती एका वकीलसाहेबांनी मद्रासहून जुनी विकत घेतली होती. गल्ली आपल्याच मराठी मंडळींची, जुनी, राजांच्या काळात पालखी जाईल एवढ्या बेताने आखलेली. वकीलसाहेबांच्या घराला मोटार आत घ्यायला जागा नव्हती. ते ती गल्लीतच उभी करीत, पण स्वतःच्या दारात नव्हे, समोरच्या दारात.

त्याला कारण होते. महिना मार्गळीचा, म्हणजे आपला मार्गशीर्ष. रांगोळीला इकडे कोलम म्हणतात, आणि त्या महिन्यात घरोघरी पहाटे शेणाचा सडा घालून मोठमोठी कोलमे घालतात. वकीलसाहेबांच्या दारात त्यांच्या पत्नी रोज एकवीस ठिपक्यांचे कोलम घालीत. त्यावर चाक घालायला वकीलसाहेबांचा जीव धजत नसे. समोर, जरा तिरके, एका म्हाताऱ्या शाळामास्तरांचे घर होते. मास्तरांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्कांच्या ओट्यापासून दीड फुटावर मोटार उभी राही. त्या दीड फुटात पाच ठिपक्यांचे कोलम कसेबसे मावे.

तक्रारी आधीपासून येत होत्या. गल्ली मी स्वतः टेपने मोजली होती : रुंदी दहा फूट दोन इंच. मोटार साडेपाच फूट, ओट्याकडचा दीड फूट सोडला तर दुसऱ्या बाजूला उरतात तीन फूट दोन इंच. जटका, म्हणजे आमच्याकडचा एका घोड्याचा टांगा, चाकासकट चार फूट नऊ इंच. जटका आत शिरला की मोटारीपाशी अडे, आणि घोडा काही मोटारीसारखा मागे जात नाही. घोडा सोडायचा, गाडी हाताने मागे ढकलायची, तोवर मागून भाताच्या पोत्यांची बैलगाडी आलेली असायची. मग शिव्या. एकदा मी तिथे उभा असताना मोटारीच्या मागे दोन जटके, एक बैलगाडी आणि देवळाला निघालेल्या एक आजीबाई अशी रांग लागली होती. सर्वांत जोरात आजीबाईच बोलत होत्या.

मी वकीलसाहेबांना दोनदा समज दिली.

"अहो राव, रस्ता सरकारचा आहे ना? मग माझी गाडी सरकारच्या जागेत आहे. अक्कांची काही हरकत नाही."

"अक्कांना विचारलंत?"

"विचारलं की! त्या म्हणाल्या, ठिपके मावत नाहीत. मी म्हटलं, अक्का, लक्ष्मीला पाच ठिपके पुरत नाहीत का? तिला काय मोजता येतं?" आणि ते स्वतःच हसले.

त्या गल्लीत नेहमी येणारा एक जटकावाला होता, तामिळ, पन्नाशीचा, बोलायला तिखट. एका संध्याकाळी तो तिथे वीस मिनिटे अडकला, गाडीतल्या बाईंची आगगाडी चुकली, आणि त्याने भर गल्लीत वकीलसाहेबांना ऐकवले, "सामी, ही पेटी एक दिवस गटारात दिसेल तुम्हाला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार खरोखरच गटारात होती.

गल्ली टोकाकडे उतरती आहे आणि तिथे दगडी बांधणीचे उघडे गटार आहे. पुढची दोन्ही चाके त्यात, एक दिवा फुटलेला. सात वाजता वकीलसाहेब ठाण्यात हजर झाले आणि त्यांनी जटकावाल्याचे नाव घेऊन फिर्याद दिली. खोडसाळपणे नुकसान करणे, कायद्याच्या भाषेत आगळीक. शाबित झाली असती तर दंड किरकोळ होता, पण नगरपालिकेने त्याचा परवाना काढून घेतला असता. घरात पाच माणसे आणि मिळकत एका घोड्याची.

खबरही लगेच मिळाली. दारोदार गाय नेऊन दूध काढून देणारा गवळी आपणहून आला. पहाटे परतताना त्याने जटकावाल्याला मोटारीला दोर बांधताना पाहिले होते. मी जटकावाल्याला बोलावले आणि तपास होईपर्यंत त्याचा पितळी बिल्ला काढून ठाण्यात ठेवला. बिल्ला नाही म्हणजे गाडी हाकायची नाही. खबर आणि धमकी दोन्ही जुळत होत्या. मला तेवढे पुरेसे वाटले.

चौकशीत तो सरळ बोलला, पण अर्धेच.

"दोर बांधलास?"

"बांधला, सामी."

"कशाला?"

गप्प.

"गाडी तू ढकललीस?"

"नाही."

"मग कुणी?"

"मी आलो तेव्हा ती गटारातच होती."

"तुझ्याखेरीज तिथे कोण होतं?"

पुन्हा गप्प. आमचे हेड कॉन्स्टेबल जुन्या वळणाचे. ते माझ्या कानाशी म्हणाले, "दोन लगावू का, सामी? पोपटासारखा बोलेल." मी नको म्हटले. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस जास्त बोलतो, गप्प बसत नाही. हा प्रत्येक प्रश्नाला ज्या जागी थांबत होता ती जागा एकच होती : तिथे आणखी कोण होते.

त्याच दुपारी मी टेप घेऊन पुन्हा गल्लीत गेलो. मोटार अजून तशीच होती. पहिली गोष्ट दिसली ती दोराची. घासल्याच्या खुणा मागच्या आसावर होत्या. पुढे गटारात जाणारी गाडी मागून कोण ओढतो? जो बाहेर काढू पाहतो तो.

दुसरी गोष्ट अक्कांच्या दारात होती. त्या सकाळचे कोलम पुसट झाले होते, पण मोजता येत होते. मधल्या ओळीत सतरा ठिपके, चार चार इंचांवर, म्हणजे पाच फूट चार इंच रुंद. मोटारीच्या इंजिनातून तेल गळून जमिनीवर काळा डाग पडला होता, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा त्या डागावरून गेल्या होत्या. याचा अर्थ हे कोलम मोटार हलल्यावर घातलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी गवळ्याला गाठले. "काल पहाटे तू गल्लीत शिरलास तेव्हा अक्कांच्या दारात कोलम होतं का?"

"होतं की, सामी. केवढं मोठं! गाय त्यावरून जाऊ नये म्हणून कडेने नेली."

"किती वाजले होते?"

"देवळात साडेपाचची घंटा चालू होती."

"आणि जटका?"

"तो नंतर आला. मी तिसऱ्या घरी धार काढत होतो."

आता मोजायचे एवढेच राहिले की सतरा ठिपक्यांना वेळ किती लागतो. घरी जाऊन मी पत्नीला अंगणात कोलम घालायला सांगितले आणि घड्याळ घेऊन शेजारी बसलो. ती म्हणाली, "नोकरीत आता हे पण काम आलं का?" अडतीस मिनिटे लागली. साडेपाचातून अडतीस वजा केली तर मोटार चार बावन्नच्या आधी हलली होती. रेल्वे स्टेशनाबाहेर ड्यूटीवरचा शिपाई रांगेत येणाऱ्या आणि उतारू घेऊन निघणाऱ्या प्रत्येक जटक्याचा बिल्ला आणि वेळ वहीत लिहितो. आमच्या माणसाचा बिल्ला आदल्या रात्री अकराला रांगेत आला होता आणि त्या पहाटे पाच दहाला निघाला होता.

तो निर्दोष होता, आणि त्याचा बिल्ला दोन दिवस माझ्या कपाटात पडून होता. हे मला त्या वहीपाशी उभा असताना कळले. पण वकीलसाहेबांची फिर्याद उभी होती. खरे कोण ते कळल्याशिवाय त्या माणसावरचा ठपका पुसला जाणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश न घालता अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्या माझ्या आईला ओळखत, मला अजून लहानच समजत.

"कॉफी घेतोस ना रे बाळा?"

"घेतो. अक्का, मोटार कुणी ढकलली?"

"मी," त्या म्हणाल्या आणि आत कॉफी आणायला गेल्या.

त्या पेला घेऊन परत आल्यावर मी म्हटले, "एकटीने? पंचवीस मणांचं धूड आहे ते."

"मग काय झालं? तरुणपणी मी मुसळ घेऊन मरकालाच्या मापाने दोन मापं भात सडत होते."

"अक्का, त्या जटकावाल्याचा परवाना जाईल. तुम्ही खोटं सांगितलंत तर मला ते लिहिता येणार नाही, आणि खरं लिहिलं नाही तर तो सुटणार नाही."

अक्कांना हे माहीतच नव्हते. तो तीन दिवस गल्लीत दिसला नाही, घोडा आजारी असेल असे त्यांनी धरले होते. त्यांनी ओट्याच्या टोकाला जाऊन मोठ्याने हाक मारली, "अगं, या गं सगळ्या! बिचाऱ्याचा बिल्ला काढून घेतलाय या शहाण्याने!"

एकामागून एक चार जणी आल्या, कुणी हात पुसत, कुणी ओले केस बांधत. सगळ्या एकदम बोलू लागल्या. मोटार फक्त दहा फूट पुढे सरकवायची होती, मास्तरांच्या दारापुढून रिकाम्या भिंतीपाशी. पण उतार लागला आणि ती थांबेना.

"आणि ती गटारात गेल्यावर तुम्ही कोलम घालत बसलात?"

"सडा ओला होता," अक्का म्हणाल्या. "गाडी पडली म्हणून सडा वाळू द्यायचा? बारा दिवसांनी जागा मिळाली होती. मग तो जटका आला. मीच म्हटलं, ओढून बघ बाबा. घोड्याच्यानं हललीच नाही."

"पण गाडीला ब्रेक लावलेला असतो. तो कुणी सोडला?"

तेवढ्यात समोरच्या दारातून वकीलसाहेबांच्या पत्नी खाली उतरल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि अक्कांशेजारी उभ्या राहिल्या. वकीलसाहेब कोर्टाला निघण्याच्या बेतात दारातच होते.

"ब्रेक मी सोडला," त्या म्हणाल्या.

"तू?" वकीलसाहेब म्हणाले. "तुला ब्रेक कुठला ते ठाऊक आहे?"

"तुम्ही सोडता तेव्हा मी शेजारीच बसलेली असते. पुन्हा ओढायचा असतो हे मात्र लक्षात राहिलं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाराव्या वर्षी या घरात आले. कोलम मला या अक्कांनी शिकवलं. माझ्या दारात एकवीस आणि यांच्या दारात पाच, मला रोज ते बघवत नव्हतं."

वकीलसाहेबांनी पगडी काढून हातात घेतली. मग ते म्हणाले, "राव, फिर्याद मागे घ्यायला कोणता कागद लागतो?"

"वकील तुम्ही आहात," मी म्हटले. सगळ्या जणी हसल्या, आणि शेवटी तेही हसले.

निघताना मी अक्कांना माझा हिशोब सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. "सतरा ठिपक्यांना अडतीस मिनिटं? तुझ्या बायकोला सांग, मी पंचविसात संपवते." मी तिथेच पुन्हा वजाबाकी केली. पंचवीस धरली तर मोटार पाच पाचला हलली. जटका स्टेशनाहून निघण्याआधी माझ्या हिशोबात अठरा मिनिटे होती, ती उरली पाच. माणूस सुटतच होता, पण मी समजत होतो तितक्या आरामात नाही. माप घ्यायचे तर ज्याच्या हातचे काम त्याच्याच हाताने घ्यावे, हे मला एका म्हाताऱ्या बाईने शिकवले.

मी अहवालात खरे तेच लिहिले : गाडी रहदारीला अडथळा होईल अशी उभी होती, रहिवाशांनी ती सरकवताना उतारावर घसरली, नुकसानीचा हेतू नव्हता, सबब आगळीक होत नाही. फिर्याद गैरसमजातून दिलेली म्हणून निकाली निघाली. वकीलसाहेबांनी त्याच महिन्यात किल्ल्याच्या भिंतीजवळ एक छपराची जागा पाहिली आणि तिथून घरी चालत येऊ लागले. चाल मी मोजली आहे, दोनशे दहा पावले. एवढ्यासाठी सगळी गल्ली बारा दिवस अडली होती.

पुढे बदल्या होत राहिल्या, मोटारीही वाढल्या, आणि अडवणुकीच्या तक्रारी तर फारच. प्रत्येक वेळी मी गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न एकच विचारी : तुम्ही ही स्वतःच्या दारापुढे का उभी केली नाहीत? निम्मी प्रकरणे तिथेच मिटत. उरलेल्या निम्म्यांत मी रस्ता मोजी, पण बिल्ला कुणाचाही पहिल्या दिवशी काढून घेतला नाही.

अक्कांच्या ओट्यावरून परतलो त्या दिवशी दुपारी जटकावाल्याला मी ठाण्यात बोलावले आणि बिल्ला परत दिला. "बायकांनी ढकलली हे तू सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"सामी, सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना इथे आणलं असतं. या बाकावर." त्याने भिंतीलगतच्या बाकाकडे पाहिले. "माझं काय, मी तिथे आधी बसलेलो आहे."

तो बिल्ला लावून निघाला, आणि दारातून परत आला. "सामी, त्या मोठ्या वहीत माझं नाव आहे?"

"आहे. नंबरासकट."

"काय लिहिलंय?"

ठाण्याची डायरी इंग्रजीत. मी त्याला तामिळमध्ये अर्थ सांगितला : या इसमाचा काही दोष आढळला नाही. त्याचा बिल्ला पुरेशी चौकशी न करता काढून घेण्यात आला, ती चूक सबइन्स्पेक्टरची. हेड कॉन्स्टेबलनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या ओळीबद्दल पुढे वरून मला ताकीदही आली.

जटकावाला वहीजवळ सरकला. मग म्हणाला, "शेवटचं परत एकदा वाचा."

मी वाचले. त्याने मान हलवली आणि तो गाडीकडे गेला.