शेजारची पिशवी

मी वटार गावात बसमध्ये चढायचो तेव्हा ते गृहस्थ आधीच खिडकीशी बसलेले असायचे. शर्टाच्या खिशात सोनचाफा आणि शेजारच्या जागेवर कापडी पिशवी. वसई स्टेशनला सगळे उतरायचे, ते मात्र त्याच बसने परत जायचे. मला ते जरा विचित्रच वाटायचं.

एकदा बस भरलेली होती. मी विचारल्यावर त्यांनी पिशवी उचलली. मी बसून लॅपटॉप उघडला. काचेवर धातूचा पातळ थर कसा धरतो, याचं मॉडेल करणं हे माझं काम. पडद्यावर ठिपक्यांचा झोत पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"हे अणू आहेत, काका. दोन झोतांच्या मधे एकटे भटकत असतात. दोघं भेटले की तिथेच थांबतात. मग बाकीचे येऊन चिकटतात आणि त्यांचं एक बेट वाढत जातं."

त्यांनी पडद्यावरच्या दोन थांबलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "बायको होती तोवर मी पन घर सोडून कुठे जात नव्हतो."

दुसऱ्या दिवशी बस जवळजवळ रिकामी होती, तरी मी त्यांच्याकडेच गेलो. पिशवी त्यांनी आधीच मांडीवर घेतली होती.